तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश

नानांच्या घराचं दार उघडलं की पहिला प्रश्न येतो, "हात पुसलेस का?" करोनाच्या दिवसांत ज्यांची नानांशी नव्यानं ओळख झाली, त्यांना हा गृहस्थ फार काळजी घेणारा वाटला. काळजी खरीच होती, पण पाहुण्याच्या तब्येतीची नव्हती. दाराशेजारच्या खुंटीवर दोन फडकी टांगलेली असतात. पांढरं माणसांसाठी, पिवळं रेकॉर्डसाठी. पांढऱ्याला हात पुसून आत यायचं, पिवळ्याकडे नुसतं बघायचं. एकदा त्यांच्या साडूंनी बोलता बोलता पिवळ्यानं चष्मा पुसला. त्या वर्षी त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ पोचला, पण त्यात चकली नव्हती.

नाना म्हणजे कोणी एकच असामी आहे असं समजू नका. कोथरूडला, पार्ल्याला, डोंबिवलीत, नाशकात, गेल्या काही वर्षांत जागोजागी नाना उगवले आहेत. वय साठीच्या पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर वीजमंडळात होऊन गेलेली, मुलं परदेशात, गुडघे कुरकुरतात पण कान, त्यांच्या स्वतःच्या मते, विशीतले. आणि दिवाणखान्यात मोक्याच्या जागी, जिथे पूर्वी टीव्ही होता तिथे, टर्नटेबल. टीव्ही आतल्या खोलीत हद्दपार. या बदलावर काकू मनातून खूश असतात, कारण मालिका चालू असताना मधेच कोणी बातम्या लावत नाही. पण तसं त्या बोलून दाखवत नाहीत. तक्रारीचा हक्क जातो.

आमच्या कोथरूडच्या नानांकडे सहाशेच्या आसपास एलपी आहेत. नक्की आकडा त्यांनाच ठाऊक, आणि काकूंना तो निम्मा सांगितलेला आहे. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्या लागतात. एकीवर एक आडव्या रचल्या की खालच्या वजनानं वाकतात. त्यामुळे लोखंडी कपाटातला उभा कप्पा रेकॉर्डना मिळाला आणि काकूंच्या पैठण्या दिवाणाच्या पोटात गेल्या. "पैठणी वाकत नाही," हा नानांचा युक्तिवाद. काकूंनी त्यावर काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही.

सत्यनारायणाला जितकी उपकरणी लागतात त्याहून दोनच कमी नानांना रेकॉर्ड लावायला लागतात. आधी कव्हरातून आतली पिशवी, मग पिशवीतून तबकडी. कड तळहाताच्या मुळाशी टेकलेली, बोटांची टोकं मधल्या कागदी लेबलावर. काळ्या भागाला बोट लागता कामा नये. मग खिडकीशी जाऊन ती उजेडात तिरकी धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. धूळ दिसली तरी फुंकर मारायची नाही. "फुंकरीत थुंकी असते." तबकडी फिरू लागली की कार्बनच्या केसांचा ब्रश अलगद टेकवून दोन फेरे जाऊ द्यायचे. सुईसाठी वेगळा, करंगळीच्या पेराएवढा ब्रश. तो मागून पुढे फिरवायचा, उलट फिरवला तर सुई गेली. सुईला हिरा असतो, हे नाना सांगतातच. "हिच्या कुडीत आहे त्यापेक्षा खरा," असं काकू स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून घेऊन सांगतात. मग दांडी खाली येते, 'टप्' असा आवाज होतो, चरचर सुरू होते आणि नानांची तर्जनी वर जाते. म्हणजे आता बोलायचं नाही.

त्या चरचरीबद्दल एका नवख्या पाहुण्यानं "काही बिघडलंय का?" असं विचारलं होतं. नाना शांतपणे म्हणाले, "बिघाड नाही, तयारी आहे."

रेकॉर्ड चालू असताना त्या घरातली माणसं चालत नाहीत, सरकतात. कोणी टाच आपटत आलं की सुई उडते आणि खाँसाहेब एकदम दोन आवर्तनं पुढे. नानांच्या वडिलांच्या काळी यावर सोपा उपाय होता. दांडीच्या टोकावर पाच पैशाचं चौकोनी नाणं ठेवायचे. सुई उडायची नाही, रेकॉर्ड खरवडून निघायची ती निघायची. नानांकडे आता ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सुईचा भार एक पूर्णांक आठ ग्रॅम, कमी नाही, जास्त नाही. केशर मोजायला काकूंनी तो काटा मागितला होता. मिळाला नाही.

पहिल्या पहिल्यांदा स्पीकरमधून अखंड घूंऽऽ असा आवाज यायचा. अर्थिंगचा दोष, असं निदान झालं. त्या आठवड्यात नानांच्या टर्नटेबलपासून निघालेली एक हिरवी वायर पॅसेजमधून जाऊन न्हाणीघरातल्या नळाला बांधलेली होती. धुण्याच्या बाईंनी नळाला हात लावायचं साफ नाकारलं. शेवटी वायरमन आला, अँप्लिफायरच्या मागे अर्थिंगसाठी ठेवलेला स्क्रू त्यानं दाखवला आणि दोनशे रुपये घेऊन गेला. नाना त्या वायरमनला अजून 'आमचे साउंड इंजिनिअर' म्हणतात.

सोसायटीतली पोरं नानांना कोड्यामुळे ओळखतात. "सांग, एलपीच्या एका बाजूला रेघा किती?" कोणी शंभर म्हणतं, कोणी पाचशे, एका हुशार मुलीनं हजार आणि एक सांगितलं होतं. नाना हसत हसत प्रत्येकाला नापास करतात. उत्तर आहे एक. कडेपासून मध्यापर्यंत वळत गेलेली एकच रेघ, सरळ केली तर पाऊण-एक पर्वती चढून होईल इतकी लांब. हे शेवटचं मोजमाप त्यांचं खास आहे. ते कोणी तपासलेलं नाही. हेच कोडं त्यांनी कुरियरवाल्यालाही घातलं होतं. तो बिचारा सही घ्यायला आला होता.

गोष्टीही ठरलेल्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं तबकड्या भरल्या आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ओरडून सांगितलं, कारण तबकडी छापायची जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. ही गोष्ट सांगताना नाना स्वतः गौहर जान होतात. मग लाखेच्या तबकड्या. लाख आपल्याकडची, कारखाने साहेबाचे, आणि गाणं तीन-सव्वातीन मिनिटांत संपवायचं. "अब्दुल करीम खाँसाहेब तीन मिनिटांत राग उभा करून जायचे. आता तीन मिनिटं नुसता माइक ठीक करण्यात जातात." मग १९४८, कोलंबियाची एलपी, विनाइल, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. इथे नाना थांबतात. त्यांच्या मते मनुष्यजातीनं इथेच थांबायला हवं होतं.

कारण पुढे सीडी आली.

"सीडीत आवाज आहे रे, गाणारा नाही." हे वाक्य दर रविवारी होतं. सीडीवरचे आरोपही ठरलेले आहेत. पहिला, ती आवाजाचे तुकडे करते. सेकंदाला ४४,१०० तुकडे. "भीमसेनांच्या तानेचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे! आणि वर म्हणतात निर्दोष!" दुसरा, ती उलटी चालते. रेकॉर्ड बाहेरून आत येते, सीडी आतून बाहेर जाते. यात वाईट काय ते मला कळलेलं नाही, पण नानांचा आवाज असा लागतो की पाहुणा मान हलवतो. तिसरा आरोप चंचलपणाचा. सीडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि कडेला पोचेपर्यंत दोनशेवर येते. "आधी धावते, मग दमते. आणि आमची बघ. तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. पहिल्यापासून शेवटपर्यंत." नुसतं 'तेहेतीस' म्हटलेलं त्यांना चालत नाही. तो तृतीयांश जागच्या जागी वसूल केला जातो.

आता खरं सांगायचं तर या खटल्यात सीडीतर्फे बरा वकील उभा राहिला तर नानांचं काही खरं नाही. त्या तुकड्यांमधून, माणसाला ऐकू येतं त्या वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचं सगळं परत जसंच्या तसं उभं राहतं. साठी ओलांडलेल्या कानाला त्यातलं बारा हजारांच्या वरचं फारसं ऐकूही येत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यातलं अंतर सीडीत ९६ डेसिबल मावतं, रेकॉर्डमध्ये साठ-सत्तरच्या पुढे ओढाताण. सीडी वेग बदलते ती दमते म्हणून नाही. लेसरसमोरून दर सेकंदाला सारख्याच लांबीची वाट जावी म्हणून. नानांची तबकडी ठाम वेगानं फिरते खरी, पण त्यामुळेच तिच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर रेघ जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम वीस-एकवीस. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा. म्हणजे आवाज फाटायचा तर शेवटी फाटणार. आणि आपल्या ख्यालगायकीत शेवटी काय असतं? द्रुत, ताना, सगळी आतषबाजी. नेमकं जिथे गायक पेटतो तिथे रेकॉर्ड सर्वांत अशक्त.

मी हे नानांना ऐकवलं. त्यांनी मुळीच वाद घातला नाही. "बरोबर आहे. म्हणून तर शेवटी जास्त लक्ष देऊन ऐकायचं असतं."

एका बाबतीत मात्र नानांची जखम खरी आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी हौसेनं जुन्या हिंदी गाण्यांची सीडी आणली, घरी येऊन लावली, आणि ओळखीच्या गाण्यामागे कोणीतरी ढिच्यांग-ढिच्यांग करू लागलं. झंकार बीट्स! चाळीस वर्षांपूर्वी मदनमोहननं जे वाद्य मुद्दाम वापरलं नव्हतं ते कंपनीनं त्याच्या वतीनं वाजवलं होतं. आणि तिकडे परदेशातही तोच प्रकार होता. प्रत्येक गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे म्हणून सीडीवर आवाज ठासून भरायची चढाओढ लागली. २००८ साली मेटालिका या बँडच्या चाहत्यांनीच त्यांच्या नव्या अल्बमबद्दल या कारणावरून ओरड केली. रेकॉर्डवर असं ठासायला मर्यादा असते, फार ठासलं तर सुई रेघेबाहेर पडते. तेव्हा एखादी जुनी रेकॉर्ड तिच्याच सीडीपेक्षा गोड वाटते ती विनाइलच्या अंगच्या गुणानं असेलच असं नाही. तिला छळायला कोणी गेलं नाही, हेही कारण असतं. दोष तबकडीचा नव्हता, तबकडी भरणाऱ्याचा होता. हे मी नानांना सांगितलेलं नाही. एवढा एक आरोप त्यांच्याकडे राहू द्यावा.

आणि हे सगळं बोलणारे नाना स्वतः काय करत होते? १९७२-७३ साली त्यांच्या वडिलांनी एचएमव्हीचा फिएस्टा घेतला. सुटकेससारखा बंद होणारा, झाकणातच स्पीकर. घरात शे-सव्वाशे रेकॉर्ड जमल्या. नाट्यगीतं, गीतरामायण, आणि 'शोले'च्या संवादांची ती पॉलिडोरची रेकॉर्ड, जी त्या काळी गणपतीच्या मंडपातही लागायची. मग ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या. आपल्याकडे रेकॉर्डला मारलं ते कॅसेटनं, सीडी तेराव्याला आली. फिएस्टा माळ्यावर गेला. पुढे नानांना प्रमोशन मिळालं, सीडी प्लेअर आला, आणि १९९७च्या सुमारास घराला रंग काढायचा म्हणून नानांनी स्वतःच्या हातानं त्या सगळ्या रेकॉर्ड रद्दीवाल्याला दिल्या. किलोच्या भावानं. रद्दीवाला कव्हरं घ्यायला तयार होता, तबकड्या नको म्हणत होता. नानांनी त्याच्या हातापाया पडून त्या खपवल्या.

त्याच रेकॉर्ड आता नाना एकेक करून परत विकत घेत आहेत.

त्यासाठी बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. मुंबईला गेले तर चोरबाजार. जाताना जुनी पँट आणि बाहीला ठिगळ असलेला शर्ट, म्हणजे भाव वाढत नाही. खरेदीचं शास्त्र असं की हवी असलेली रेकॉर्ड दिसली की तिच्याकडे बघायचं नाही. शेजारचा पितळी बंब हातात घ्यायचा, त्याची किंमत विचारायची, घासाघीस करायची, बंब खाली ठेवायचा आणि जाता जाता, "आणि ही तबकडी केवढ्याला?" पूर्वी हे चालायचं. आता पथारीवाला मान वर न करता सांगतो, "काका, बंब राहू द्या. किशोरीताई आठशेला आहे." विंटेज हा शब्द आता जुन्या बाजारालाही कळला आहे. घासाघीस करून नाना सातशेला घेतात आणि घरी शंभर सांगतात. काकू ऐकून घेतात आणि दरमहा बँकेचं पासबुक स्वतः भरून आणतात.

जुन्या कव्हरांवर शाईनं काहीबाही लिहिलेलं असतं. 'चि. सौ. कां. हिस लग्नानिमित्त सप्रेम भेट, मे १९७४'. 'ऑफिसातील सहकाऱ्यांकडून, बदलीच्या प्रसंगी'. बाजारभावानं अशी कव्हरं खराब समजली जातात. नाना तीच आधी उचलतात. त्या माणसांशी त्यांचं एकतर्फी नातं जमलेलं आहे. "हा मनुष्य बघ, कानपूरला बदली होऊन गेला. सोबत मालिनीबाईंची रेकॉर्ड घेऊन गेला. रसिक!" त्यानं ती रेकॉर्ड पुढे विकली, हे नाना सोयीस्करपणे विसरतात.

बाजारातून आलेल्या रेकॉर्डला न्हाऊ घालणं हा वेगळा अध्याय. साधी धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब भांड्याचा साबण आणि थोडं स्पिरिट. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. हे त्यांनी लाल अक्षरांत लिहून बाटलीवर चिकटवलं आहे. पण पानाचे डाग, मसाला, कुणाच्या बालपणीचा जाम असं काही असेल तर सुतारकामाचा पांढरा डिंक निघतो. फक्त विनाइलसाठी. लेबलावर प्लास्टिकची झाकणी दाबून बसवतात, तबकडी हातानं गरगर फिरवत बोटभर जाडीच्या ब्रशनं डिंकाचा एकसारखा थर देतात आणि रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी डिंक दुधाळ जाऊन काचेसारखा पारदर्शक झालेला असतो. मग नाना श्वास रोखून कडेला नख घालतात आणि साल सोलायला घेतात. ती अखंड निघाली तर तो दिवस चांगला जातो. निघालेल्या सालीवर तबकडीच्या रेघा उमटलेल्या दिसतात, आणि रेघांतली पन्नास वर्षांची घाण सालीबरोबर आलेली असते. अशी एक साल नानांनी कौतुकानं जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. नातवाला ती फेणी वाटली.

उन्हाळ्यात गॅलरीच्या जागेवरून पेच येतो, कारण त्याच दिवसांत काकूंची वाळवणं असतात. तह असा झाला: उन्हात कुरडया, सावलीत रेकॉर्ड. एकदा दुपारी ऊन सरकलं आणि दोघंही झोपलेले होते. कुरडया खडखडीत वाळल्या आणि एका चांगल्या सतारीच्या एलपीचा वाडगा झाला. तो वाडगा आता चपलांच्या कपाटावर असतो. त्यात किल्ल्या ठेवतात.

नानांना एकाकी वेडा म्हणायची मात्र आता सोय राहिलेली नाही. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८०च्या दशकानंतर पहिल्यांदाच. २०२२ साली नगांच्या हिशेबातही रेकॉर्ड जिंकल्या: चार कोटींच्या वर रेकॉर्ड खपल्या, सीडी साडेतीन कोटींच्याही खाली. ही बातमी आली त्या दिवशी नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर ती तीनदा टाकली. चौथ्यांदा टाकली तेव्हा सेक्रेटरींनी ग्रुप पाण्याच्या वेळापत्रकासाठी आहे याची आठवण करून दिली. आपल्याकडे एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यातून रेकॉर्ड निघणं बंद पडून कैक वर्षं झाली होती. आता मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापू लागले आहेत. यावर नाना पेढे वाटणार होते. काकूंनी चिक्कीवर भागवलं.

त्याच अमेरिकेत एक पाहणी झाली. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांकडे ती वाजवायचं यंत्रच नाही! नानांना हे खरं वाटेना. मग तळमजल्यावर आयटीतलं एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांच्या भिंतीवर चार एलपी फ्रेम करून लावलेल्या. नाना बघून आले आणि दोन दिवस खिन्न होते. "भिंतीला टांगलीय रे! वाजवत नाहीत!" तिसऱ्या दिवशी त्या मुलाला हाताला धरून घरी आणलं, हात पुसायला लावले आणि किशोरीताईंची ती एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली रेकॉर्ड ऐकवली. महिन्याभरात मुलानं टर्नटेबल घेतलं. नाना नारळ घेऊन बघायला गेले. मुलानं उत्साहानं सांगितलं, "नाना, वायरची कटकटच नाही. ब्लूटूथ आहे." म्हणजे तबकडीवरून निघालेलं गाणं आधी आकड्यांत मोडायचं, हवेतून पाठवायचं आणि दोन फुटांवर परत जोडायचं. नाना नारळ तसाच घेऊन परत आले.

नानांचा खरा वैरी म्हणजे त्यांचा अमेरिकेतला भाचा. २०२२ साली तिकडे एक गंमत झाली. मोबाईल फिडेलिटी नावाची कंपनी महागड्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध. मूळ टेपवरून थेट, मधे डिजिटलचा विटाळ नाही, अशी गिऱ्हाइकांची समजूत. मग उघड झालं की तिच्या बऱ्याच रेकॉर्डच्या वाटेत वर्षानुवर्षं एक डिजिटल पायरी होतीच. तोवर तिकडच्या नानांनी त्याच रेकॉर्ड ऐकून 'हा खरा आवाज' म्हणून माना डोलावलेल्या. भाच्यानं बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवस नानांकडून अक्षर नाही. मग उत्तर आलं: "त्यांच्या रेकॉर्ड मला आधीपासूनच जरा कोरड्या वाटायच्या." त्या कंपनीची एकही रेकॉर्ड नानांकडे नाही.

पुढच्या दिवाळीला भाचा पुण्यात आला आणि त्यानं कावा केला. नाना बाजारात गेलेले असताना त्यांचीच एक एलपी चरचरीसकट कॉम्प्युटरवर भरून घेतली आणि सीडी काढली. संध्याकाळी टर्नटेबलवर तबकडी नुसती फिरत ठेवली आणि आवाज सीडीचा सोडला. नानांनी डोळे मिटले. "बघ. ही ऊब. हे तुझ्या सीडीत येईल का?" भाच्यानं पडदा वर केला. खोलीत शांतता. काकूंच्या हातातली झारी तशीच राहिली. नानांनी डोळे उघडले, विचार केला आणि म्हणाले, "मग माझंच खरं झालं. ऐकली ती रेकॉर्डच की. सीडीनं नुसती आणून दिली." भाच्यानं हात टेकले.

आठवड्यानं नानांचा त्याला फोन गेला. तशाच आणखी दहा-बारा सीडी काढून मिळतील का? कारण असं की रेकॉर्ड वाजवली की झिजते, सुईचे तास मोजके, आणि रोज सकाळी दाढी करताना एवढा सरंजाम कोण मांडणार? तेव्हा नानांच्या आतल्या खोलीत, टीव्हीखाली, एक सीडी प्लेअर आहे. तो रोज वाजतो. विचारलं तर म्हणतात, "मी ऐकत नाही. तपासतो."

रविवारची बैठक मात्र रेकॉर्डचीच. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर येतात, तळमजल्यावरचा तो मुलगा येतो, मी असतोच. तर्जनी वर गेली की वीस-बावीस मिनिटं कोणी हलत नाही, सुई उडेल म्हणून. गाणं पुढे ढकलता येत नाही. फोन बघायला नानांनी बंदी घातलेली नाही, पण एकदा डॉक्टरांनी बघितला तर नानांनी सुई उचलली आणि त्यांचं वाचून होईपर्यंत हातात धरून उभे राहिले. बाजू संपते, काकू चहा आणतात. नेमक्या त्याच मिनिटाला. घड्याळ न बघता. बागेश्री किती वेळानं संपते हे त्या घरात नानांपेक्षा त्यांना जास्त पक्कं ठाऊक आहे. आमच्यापैकी कोणीही आपापल्या घरी सलग बावीस मिनिटं, दुसरं काहीही न करता, गाणं ऐकत नाही. यंत्र म्हणून सीडी सरस आहे यात मला शंका नाही. पण सीडीसाठी कोणी कुणाला हात पुसून बसायला लावलं नाही.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या रेकॉर्ड असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. लाखेच्या आणि विनाइलच्या वेगळ्या करा, उभ्या ठेवा, उन्हात नको, लाखेच्या स्पिरिटनं पुसू नका, आणि कव्हरावर कुणाचं नाव असेल तर खोडू नका. नाना रिक्षा करून येतील आणि भावही बरा देतील. निरोप मात्र मंगळवारी नाहीतर शुक्रवारी सकाळी अकरा ते एकच्या मधेच द्या. त्या वेळात काकू भजनी मंडळाला गेलेल्या असतात.